पाळी चुकण्याआधीची गोळी

धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईचं नाव १२ आठवड्यांच्या आत नोंदवलं गेलं, की ती लवकर नोंदणी धरतात. आशाताई त्यासाठी घरोघर फिरते, नर्सबाई त्याचा हिशेब ठेवते, महिन्याच्या बैठकीत तो आकडा विचारला जातो. अंगात रक्त कमी असणं, रक्तदाब, साखर यांच्यावर नजर ठेवायची तर १२ आठवडे ही खरंच चांगली सुरुवात आहे. पण या प्रकरणात ज्या दोषाबद्दल बोलायचं आहे, त्याच्या बाबतीत तोवर सगळं घडून गेलेलं असतं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती न्यूरल ट्यूब गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. बाईच्या हिशेबात सांगायचं, तर पाळीची तारीख उलटून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ‘या खेपेला जरा पुढं गेली असेल’ असं तिचं तिलाच वाटत असतं. नवऱ्याशी अजून नीट बोलणं झालेलं नसतं. शेजारीपाजारी तर तीन महिने पुरे होईपर्यंत सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीतच.

म्हणून या दोषावरची गोळी दिवस गेल्यावर सुरू करून भागत नाही. ती दिवस जाण्याच्या आधीपासून पोटात जात असायला हवी. इतकी साधी गोष्ट आहे, आणि इतक्या साध्या गोष्टीपायी दरवर्षी हजारो घरांवर जो प्रसंग येतो तो पुष्कळसा टळू शकतो, म्हणून हे प्रकरण.

आधी ती नळी कशी घडते ते पाहू. गर्भ राहून तीन आठवडे होतात तेव्हा तो दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. त्याच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. करंजीची पारी मुडपून कड दाबत जावी तशा. फक्त इथे जुळणं मधूनच सुरू होतं, मानेच्या जागी, आणि तिथून वर डोक्याकडे नि खाली माकडहाडाकडे सरकत जातं. डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या सुमारास मिटतं, खालचं त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. या अवधीत पेशींची संख्या झपाट्याने वाढावी लागते. नवी पेशी म्हणजे नवा डीएनए, आणि डीएनए बांधायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं किंवा शरीराला नीट वापरता आलं नाही, तर कुठेतरी कड जुळायची राहून जाते.

वरचं तोंड उघडं राहिलं तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटीची टोपी तयारच होत नाही. याला अ‍ॅनेनसेफली म्हणतात. असं बाळ पोटातच जातं किंवा जन्मल्यावर काही तास, फार तर काही दिवस जगतं. त्यावर इलाज नाही. खालचा भाग उघडा राहिला तर तो स्पायना बिफिडा. त्यातला सर्वांत गंभीर प्रकार मायलोमेनिंगोसील. यात बाळाच्या कमरेशी पाणी भरलेली पातळ पिशवी दिसते आणि तिच्यात मज्जारज्जू नि नसा अडकलेल्या असतात. डोक्याच्या मागच्या बाजूने कवटीतून अशी पिशवी बाहेर आली तर तिला एन्सेफॅलोसील म्हणतात. शिवाय एक झाकलेला प्रकार असतो, ज्यात मणक्यात फट असते पण वर कातडी धड असते. तो बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. मात्र बाळाच्या कमरेवर केसांचा झुपका, चरबीची गाठ किंवा खोल खळगी दिसली, तर एकदा डॉक्टरांना दाखवावं.

असं बाळ जन्मलं की पहिला प्रश्न आईला विचारला जातो. ग्रहणात विळी हातात घेतलीस का? अमावास्येला बाहेर गेली होतीस का? हे स्वच्छ सांगायला हवं, की ग्रहणाचा, विळीचा, अमावास्येचा या दोषाशी काडीचाही संबंध नाही. कारणं पोषणात आहेत, आई आणि बाप अशा दोघांकडून आलेल्या जनुकांत आहेत, काही औषधांत आणि आजारांत आहेत. आधीपासूनचा आणि ताब्यात न ठेवलेला मधुमेह, फिटवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध, फार वाढलेलं वजन, त्या पहिल्या चार आठवड्यांत आलेला जोराचा ताप यांनी धोका वाढतो. आणि पुष्कळदा यातलं एकही कारण सापडत नाही. ज्या आईने ते बाळ पोटात वाढवलं तिला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं करणं हा अन्याय आहे, आणि तो आपल्या घराघरांत चालतो.

भारतात हा दोष किती बाळांत आढळतो? पुणे विद्यापीठातल्या अनिता कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१३ मध्ये उत्तर काढलं: दर हजार जन्मांमागे चारच्या आसपास. ज्या देशांत पिठात फोलेटचं गोळीतलं रूप, म्हणजे फोलिक अ‍ॅसिड मिसळतात तिथे हे प्रमाण हजारी एकाच्याही खाली आलं आहे.

या जीवनसत्त्वाचा शोध मुंबईत, परळला लागला, हे फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असतं. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि संख्येने कमी, बाई पांढरीफटक, कितीतरी जणी बाळंतपणात दगावत. विल्सबाईंनी हे जंतूंचं काम असेल का हे तपासलं आणि मग लक्ष घातलं त्या बायकांच्या ताटात. गरिबीतल्या जेवणावर उंदीर आणि माकडं वाढवून पाहिली. त्यांनाही तसाच आजार झाला. ज्या पदार्थाने तो बरा झाला तो अगदी मामुली होता: मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळपट अर्क, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात. मग तो आजारी बायकांना दिला आणि चार-पाच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुष्कळ दिवस त्याला ‘विल्स फॅक्टर’च म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि त्याला फोलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं. पुढे चार-पाच वर्षांत तो कारखान्यात तयार करण्याची रीत ज्या चमूने बसवली, त्याचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज आशाताईच्या पिशवीत जी गोळी असते तिची मुळं अशी परळच्या गिरणीकामगार बाईपर्यंत पोचतात.

तरी या गोळीचा आणि बाळाच्या पाठीचा संबंध लागायला आणखी बरीच वर्षं गेली. १९६५ मध्ये इंग्लंडमधले हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी पहिल्यांदा शंका मांडली, की अशी बाळं होणाऱ्या आयांच्या शरीरात फोलेटचं काहीतरी बिघडलेलं दिसतं. शंका खरी की खोटी याचा निवाडा १९९१ मध्ये झाला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांवर अशा १,८१७ बायका घेतल्या, ज्यांना आधी एकदा हा दोष असलेलं बाळ झालं होतं. काहींना रोज ४ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड, काहींना नाही. दोषाची २७ प्रकरणं झाली. त्यातली ६ फोलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांत, २१ न घेणाऱ्यांत. फरक इतका उघड होता, की प्रयोग मुदतीआधी थांबवला. कारण आता कुणाला गोळीविना ठेवणं हा अधर्म झाला असता. पुढल्याच वर्षी हंगेरीत दिसलं, की ज्यांना आधी असं बाळ झालेलं नाही त्यांनाही गोळीचा फायदा होतो. चीनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत रोजच्या अवघ्या ४०० मायक्रोग्रॅमने, म्हणजे मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी मात्रेने, तेच साधलं.

एवढा भक्कम पुरावा हाती असताना आपल्या जिल्ह्यात काय होतं?

ताटापासून सुरुवात करू. धाराशिवचं ताट ज्वारीचं. शाळूची भाकरी, तुरीचं वरण, हरभऱ्याची डाळ नि भाजी, हिवाळ्यात हुरडा. हे ताट गरीब दिसलं तरी फोलेटच्या दृष्टीने निकस नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४० मायक्रोग्रॅम, तांदळात त्याचा चौथा हिस्सा, तुरीच्या डाळीत १०० च्या वर आणि अख्ख्या हरभऱ्यात तर २०० च्याही वर फोलेट असतं. पालकातही भरपूर. पण हे आकडे कच्च्या मालाचे आहेत. भाजी बारीक चिरून धुतली, फार वेळ उकळली आणि पाणी ओतून दिलं, की निम्मं फोलेट पाण्याबरोबर जातं. शिवाय हे सगळं पिकतं पाऊस पडला तर. दुष्काळी सालात शेतातली पालेभाजी आधी जाते, डाळ आमटीत पातळ होत जाते, आणि घरातली सून सगळ्यांच्या मागून जेवते. १९९३ च्या भूकंपानंतर इथे रुजलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना एक एकरात स्वतःच्या मर्जीने डाळी, ज्वारी-बाजरी नि भाज्या पिकवायला लावलं. ते काम शेतीचं म्हणून ओळखलं जातं. मला ते गरोदरपणाच्या आधीच्या काळजीचंही काम वाटतं.

जिल्ह्याचं जुनं नाव जगात नेणाऱ्या उस्मानाबादी शेळीबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. शेळीच्या दुधात फोलेट फारच थोडं असतं. दूध चांगलं आहे, पण त्यावर या बाबतीत विसंबू नये. शेळीच्या काळजात मात्र फोलेट आणि बी-१२ दोन्ही भरपूर असतात. तेही रोज नको, कारण त्यातलं अ जीवनसत्त्व सुरुवातीच्या दिवसांत फार झालं तर बाळाला अपाय होऊ शकतो. दिवस राहण्याची शक्यता असेल तेव्हा काळीज टाळलेलंच बरं.

ताटातून रोज ४०० मायक्रोग्रॅमची भर, तीही न चुकता, पडणं कठीण, म्हणून अमेरिकेने १९९८ पासून मैद्यात फोलिक अ‍ॅसिड मिसळणं सक्तीचं केलं. आपल्याकडे २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली आणि रेशनवर तो मिळू लागला. चांगलंच आहे. पण हिशेब करून पाहा: त्या तांदळात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घालायचा नियम आहे. एखाद्या बाईने दिवसाला पाव किलो तांदळाचा भात खाल्ला, तरी जास्तीत जास्त ३१ मायक्रोग्रॅम पदरात पडतात. आणि भूम-परंड्याची बाई पाव किलोचा भात खात नाही, ती भाकरी खाते. तिची ज्वारी कणगीतून किंवा पोत्यातून थेट गावच्या पिठाच्या गिरणीत जाते. मधे कारखाना नाही, जिथे काही मिसळता येईल. अमेरिकेचा मार्ग आपल्याला या घडीला पुरा पडणार नाही. आपल्याला गोळीच बाईपर्यंत न्यावी लागेल.

गोळ्या आहेत. शाळेत किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. २०१८ पासूनच्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना आठवड्याला एक लाल गोळी ठरवली आहे. दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड. रक्त वाढवायला ही गोळी उत्तम; ती कुणीही सोडू नये. पण न्यूरल ट्यूबसाठी आठवड्याला ५०० मायक्रोग्रॅम पुरत नाहीत. आठवड्याची गोळी द्यायची तर तिच्यात २,८०० मायक्रोग्रॅम असावेत असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. गरोदरपणी मिळणारी रोजची लोहगोळी सुरू होते चौथ्या महिन्यापासून. म्हणजे नळी मिटून कधीच झालेली. त्याच कार्यक्रमाच्या नियमांत एक ओळ अशीही आहे, की मूल हवं असणाऱ्या बाईने दिवस राहण्याआधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घ्यावं. सगळं मर्म या एका ओळीत आहे, आणि नेमकी तीच कागदावरून गावात उतरायची राहते. कारण जिचं नाव अजून गरोदर म्हणून नोंदलेलंच नाही, तिला गोळी कोणी आणि कोणत्या निमित्ताने द्यायची हे ठरलेलं नसतं.

ही निमित्तं शोधणं शक्य आहे, आणि त्यासाठी मोठा खर्चही नको. आशाताईकडे जोडप्यांची नोंदवही असते. तिला कोणतं जोडपं नवं आहे आणि कुणाला दुसरं मूल हवं आहे हे बहुधा ठाऊक असतं. तांबी काढायला आलेली, पाळणा लांबवायच्या गोळ्या बंद करणारी बाई सरळ सांगत असते, की आता मूल हवं. त्याच दिवशी, त्याच खिडकीवर तिच्या हातात फोलिक अ‍ॅसिडची पाकिटं पडली पाहिजेत. रक्तातला साठा पुरेसा व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून ‘आधी तांबी काढू, मग पाहू’ म्हणणं चुकीचं. नाशिक जिल्ह्यात पेठ आणि सिन्नर तालुक्यांत गर्भधारणेआधीच्या काळजीचा असा प्रयोग झालेला आहे. तो मराठवाड्यात यायला काहीच हरकत नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ घडवल्या, तो अनुभव याच जिल्ह्याचा आहे.

दोन गटांकडे मात्र वेगळं लक्ष द्यायला हवं. पहिला ऊसतोड करणाऱ्यांचा. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातली कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. जोडी असली तर पैसा जास्त, म्हणून मुलींची लग्नंही घाईत लागतात. मग पाच-सहा महिने ती पोर उसाच्या फडावर, कोपीत. पहाटे तोडणी, डोक्यावर मोळी. तिथे तिची आशाताई नाही, तिची नोंदवही नाही; दिवस राहिले तर ते फडावरच कळतं किंवा परत आल्यावर. गाव सोडताना मुकादमाची गाडी कोणत्या दिवशी येणार हे सगळ्या गावाला माहीत असतं. त्याआधी अशा प्रत्येक जोडप्याला सहा महिने पुरतील एवढ्या गोळ्या बांधून द्याव्यात.

दुसरा गट नवविवाहितांचा. लग्न झालं, की महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या असंख्य घरांतलं नवं जोडपं कुलदेवीच्या दर्शनाला तुळजापूरला येतं. हळदीचा रंग उतरलेला नसतो. संसार सुरू करणारी इतकी जोडपी एका जागी दुसरीकडे कुठे भेटणार? तुळजापुरात लग्नसराईत आरोग्य खात्याने एक टेबल मांडावं, नव्या नवरीला ९० गोळ्या द्याव्यात आणि दोन वाक्यं सांगावीत. जिल्ह्यात वर्षभर सभा घेऊन जे होणार नाही ते या एका टेबलाने होईल.

गोळीबरोबर बी-१२ चाही विचार करायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांना फोलेटची कमतरता जवळजवळ दिसली नाही. पण सुमारे दोन-तृतीयांश बायकांत बी-१२ कमी होतं. शरीरात फोलेटचं काम बी-१२ शिवाय अडतं. पुण्यातल्याच डॉ. कौमुदी गोडबोले यांच्या चमूने २०११ मध्ये दाखवलं, की आपल्याकडे न्यूरल ट्यूबच्या दोषाशी आईच्या बी-१२ चाही संबंध लागतो. हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटणात असतं. माळकरी घरातल्या सुनेच्या वाट्याला दूध-दही येतं का, हे म्हणून विचारलं पाहिजे. हात-पायांना मुंग्या येणं, सतत थकवा अशी लक्षणं असतील तर डॉक्टर बी-१२ तपासून तेही देतील. नुसतं मोठ्या मात्रेचं फोलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ च्या कमतरतेने नसांचं होणारं नुकसान झाकलं जातं.

मोठी मात्रा कुणाला लागते? जिला आधी असं बाळ झालं आहे, जिला स्वतःला किंवा जिच्या नवऱ्याला हा दोष आहे, जिला आधीपासून मधुमेह आहे, जी फिटची औषधं घेते. त्यांना डॉक्टर रोज ४ किंवा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. फिटचं औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. अचानक थांबवल्याने येणारी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. मूल हवं असं ठरलं, की आधी औषध बदलून घ्यायचं आणि मग दिवस राहू द्यायचे.

एवढं करूनही काही बाळांत दोष राहतो, कारण सगळंच फोलेटच्या हातात नाही. तो ओळखण्याचं मुख्य साधन सोनोग्राफी. अ‍ॅनेनसेफली ११ ते १३ आठवड्यांच्या तपासणीतही दिसू शकते. पाठीचा दोष पाहायचा तर १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी हवी. ती चुकवू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, तिथे तिची चौकशी करावी. उमरगा-लोहाऱ्याची माणसं सोलापूर किंवा लातूर गाठतात, परंड्याची बार्शी, कळंबची लातूर नाहीतर अंबाजोगाई. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. कुठेही जा, पण वेळेत जा.

वेळेचं महत्त्व कायद्यानेही आहे. अ‍ॅनेनसेफलीचं निदान उशिरा झालं आणि गर्भपाताची मुदत टळलेली, अशा अवस्थेत मुंबई भागातल्या एका २२ वर्षांच्या विवाहितेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या मंडळाने तपासल्यावर जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा बदलला आहे: वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर दोष असल्याचं ठरवलं, तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. बाळ ठेवायचं की नाही हा निर्णय त्या बाईचा. डॉक्टरांनी दोष कोणत्या मणक्याशी आहे, मूल चालू शकेल का, डोक्यात पाणी आहे का, हे समजेल अशा मराठीत सांगायचं आणि घरच्यांनी तिच्यावर दडपण आणायचं नाही.

बाळ जन्माला येणार असेल, तर बाळंतपण जिथे नवजात बाळांचा विभाग आणि शस्त्रक्रियेची सोय आहे तिथेच करावं. अचानक, आधी काही माहीत नसताना असं बाळ झालं, तर पाठीवरच्या पिशवीला हळद, तेल, राख, पावडर काहीही लावू नये. सलाइनच्या पाण्यात भिजवलेली निर्जंतुक जाळी तिच्यावर हलकेच ठेवायची, ती सुकू द्यायची नाही, बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवायचं आणि तसंच मोठ्या रुग्णालयात न्यायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रिया करून पाठ बंद करतात, म्हणजे मेंदूपर्यंत जंतू जात नाहीत. बऱ्याच बाळांच्या डोक्यात मग पाणी साठू लागतं. त्यासाठी डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी बसवतात, तिला शंट म्हणतात. उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला बनणारी छाब्रा शंट परदेशी नळीच्या मानाने फार स्वस्त आहे आणि आफ्रिकेतल्या गरीब देशांतही वापरली जाते. शंट असलेलं मूल वारंवार ओकू लागलं, सुस्त झालं, डोळे खाली वळल्यासारखे दिसू लागले, तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

पैशासाठी कुणी मागे फिरू नये. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या ३० आजारांच्या यादीत पहिलं नाव न्यूरल ट्यूबच्या दोषाचं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी. मुंबईचे बालशल्यचिकित्सक डॉ. संतोष करमरकर यांनी उभं केलेलं स्पायना बिफिडा फाउंडेशन अशा घरांना एकमेकांशी जोडून देतं; ज्या आईने हे आधी निभावलं आहे तिचा एक फोन पुष्कळ बळ देतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत पायांपेक्षा मूत्रपिंडं जास्त सांभाळावी लागतात. लघवीवर ताबा नसतो, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, आणि तुंबलेली लघवी मूत्रपिंडं नासवते. त्यावर उपाय साधा आहे: दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ हाताने बारीक नळी घालून लघवी काढायची. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी ही पद्धत मांडली तेव्हापासून असंख्य मुलं त्यावर मोठी झाली. आई आठवड्याभरात शिकते. मूल सात-आठ वर्षांचं झालं की स्वतः करतं. पायांना संवेदना नसते, म्हणून आंघोळीचं पाणी आधी आपल्या हाताने पाहायचं, चुलीजवळ नि तापलेल्या पत्र्यावर बसू द्यायचं नाही. भाजलेलं मुलाला कळतच नाही. रबरी हातमोजे-फुगे यांची अनेकांना अ‍ॅलर्जी असते, तेही डॉक्टरांना सांगावं. यातली बरीच मुलं बुद्धीने हुशार असतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने त्यांना शाळेचा पूर्ण हक्क आहे. शाळेने एक स्वच्छ, दार लागणारं स्वच्छतागृह आणि मधल्या वेळेत दहा मिनिटं दिली, की ती नीट शिकतात.

शेवटी एक विनंती, आणि ती डॉक्टरांना आहे, नर्सबाईंना आहे आणि अशा बाळाच्या घरच्यांनाही आहे. ज्या आईला एकदा हा दोष असलेलं बाळ झालं, तिला पुढच्या खेपेला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. मोठ्या मात्रेची गोळी वेळेत सुरू केली, तर ही शक्यता बरीच कमी होते. तरीही तिच्या डिस्चार्ज कार्डावर बाळाची शस्त्रक्रिया, टाके, तपासणीची तारीख सगळं लिहिलेलं असतं, फक्त ही गोष्ट नसते. बाळ जगलं असो वा गेलं असो, ती आई दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी त्या कार्डावर एक ओळ लिहा, आणि लिहिलेली नसेल तर मागून घ्या: पुढच्या वेळी दिवस राहण्याच्या तीन महिने आधी या, फोलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम रोज सुरू करायचं आहे.